आईच्या गाडीची दांडी

माझे वडील अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. तिथला एक नियम त्यांनी घरातही लावला होता: आपण केलेला जॉब आपणच पास करायचा नाही. दुसऱ्यानं तपासायचा, मगच तो हातावेगळा करायचा. कुकरची शिट्टी दुरुस्त केली तरी ते आईला हाक मारायचे, "बघ गं, पास आहे का?" आईनं न बघताच हो म्हटलं की चिडायचे. म्हणायचे, "बघून सांग. पासिंग म्हणजे देवाला हात जोडणं नव्हे."

आईचा उजवा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. डावा धड. ती देवळाली कॅम्पच्या एका शाळेत शिकवायची आणि सिडकोतून तिथं पोचायला तिला दोन वाहनं बदलावी लागायची. ती पन्नाशी ओलांडल्यावर बाबांनी छोटी पांढरी गाडी घेतली. महिनाभर रोज संध्याकाळी ते गाडीखाली नाहीतर गाडीत आडवे. मग एक दिवस स्टिअरिंगच्या खाली उजव्या बाजूला एक लोखंडी दांडी आली. तिच्या टोकाला जुन्या लेथची काळी मूठ. दांडी पुढे ढकलली की ब्रेक, वर ओढली की गाडी पळणार. क्लचला डावा पाय होताच. मूठ स्टिअरिंगच्या इतकी लगत होती की आईची बोटं दोन्हीवर राहायची. शेजारणी विचारायच्या, "बाई, आज शाळेला दांडी?" आणि बाबा आईच्या आधी उत्तर द्यायचे, "दांडी मारून नाही, दांडी ढकलून चालल्यात."

निवृत्त झाल्यावरही आईची गाडी थांबली नाही. बँक, दवाखाना, भाजी, सगळीकडे तीच जायची. दर गुरुवारी वडनेर रस्त्यानं देवळालीला, एका जुन्या मैत्रिणीकडे. कोणाला "सोड ना जरा" म्हणणं तिला आयुष्यात जमलं नाही. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. तेराव्यानंतरच्या गुरुवारी ती एकटीच गाडी काढून देवळालीला गेली. मला राग आला होता. आता वाटतं, तिला रडायला दुसरी जागाच नव्हती.

यंदा गाडीला पंधरा वर्षं झाली आणि पासिंगची वेळ आली. पूर्वी पासिंग म्हणजे साहेबांनी हॉर्न वाजवून बघायचा, दिवे लावायचे, चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची. आता त्याशिवाय फोटोही निघतात, ब्रेक यंत्रावर तपासतात, आणि गाडी कंपनीतून जशी निघाली तशीच असावी लागते. काही बदल केला असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी. आमच्या दांडीची नोंद कुठंच नव्हती. बाबांना लोखंडातलं सगळं कळायचं, पण कागद म्हटला की त्यांना झोप यायची.

चौकशीला मी एकटीच गेले. आरटीओबाहेर चहाच्या टपरीजवळ एक जीपवाला आपली जाडजूड टायरं काढून भाड्यानं आणलेली मूळ मापाची टायरं चढवत होता. पलीकडे कोणी सायलेन्सर बदलत होतं. उसने दागिने घालून मांडवात उभ्या केलेल्या नवरीमुलींसारख्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. एका एजंटानं माझं ऐकून घेतलं आणि हसला. "ताई, लय टेन्शन घेऊ नका. दांडी काढा, पासिंग करा, परत लावा. सगळे तेच करतात. चार बोल्ट तर हायेत."

मी पहिल्यापासून उतावळी. रविवारी दुपारी आई आडवी झाली होती तेवढ्यात बाबांचा पाना घेऊन मी गाडीत शिरले. अर्ध्या तासात दांडी माझ्या हातात आली. केवढी जड होती! वर्तमानपत्रात गुंडाळून मी ती डिकीत ठेवली. कामगिरी फत्ते केल्यासारखी चहा टाकायला वळले तर आई गाडीच्या दाराशी उभी.

ती आत बसली. उजवा हात सवयीनं पुढे गेला आणि तिथं काहीच नव्हतं. हात तसाच हवेत राहिला.

"माझा पाय काढून ठेवलास होय गं?" ती म्हणाली.

मी समजावायला लागले. दोन दिवसांचा प्रश्न आहे, सगळे असंच करतात, पास झाली की परत बसवू.

"म्हणजे पास कोण होणार? जी गाडी मी चालवत नाही ती. आणि मी चालवते ती नापासच राहणार."

"आई, आपण होऊन दाखवायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. उद्या गाडीच बंद केली तर? तुझे गुरुवार गेले म्हणून समज."

"जातील," ती म्हणाली. आई घाबरली होती, हे मी पहिल्यांदाच बघत होते. "पण ह्यांनी केलेलं काम मी पोतडीत लपवून नेणार नाही. बसव परत."

बसवताना माझी त्रेधा उडाली. बाबांनी मध्ये पातळ चकत्या घातल्या होत्या. कुठली कुठं, ते मी पाहिलंच नव्हतं. आई शेजारच्या सीटवर बसून सांगत गेली. जाड चकती आतल्या बाजूला. आधी मागचे दोन बोल्ट. पूर्ण आवळू नकोस, आटा जाईल. मूठ स्टिअरिंगवरच्या अंगठ्यापर्यंत येते का बघ. तिनं आयुष्यात पाना हातात धरलेला मी पाहिला नव्हता. "तुला हे कसं ठाऊक?" मी विचारलं. "बघत होते की," ती म्हणाली.

पासिंगला आम्ही दांडीसकट गेलो. निरीक्षक एक तरुण बाई होत्या. त्यांनी दार उघडलं, वाकून पाहिलं आणि सरळ विचारलं, "काकू, हे कोणी बसवलं?"

"ह्यांनी."

"ह्यांनी म्हणजे? कुठलं वर्कशॉप?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी बाबांचं नाव सांगितलं, ते अंबडला फिटर होते हेही सांगितलं. बाईंनी ब्रेक तपासायला लावला, आवारात दोन फेऱ्या मारायला लावल्या. आईनं मारल्या. मी बाहेर उभी राहून देवाला हात जोडले. जोडायचे नसतात हे ठाऊक असूनही.

मग बाईंनी दांडीच्या खालच्या बाजूला बोटं फिरवली. "इथं काही ठोकलंय. मेकरचा नंबर आहे का?" त्यांनी चासीसाठी आणलेला कागद तिथं दाबला आणि पेन्सिल घासली. नंबर नव्हता. कागदावर एका रांगेत बारा ठिपके उमटले.

"हे काय?"

"पासिंगचे आहेत," आई म्हणाली. "दर खंडेनवमीला पूजा झाली की हे दांडी उघडायचे, साफ करून परत बसवायचे. मी एक फेरी मारून यायचे. मग ठिपका ठोकायचा टोकदार पंच आणि हातोडी माझ्या हातात. आपला जॉब आपण पास करायचा नसतो ना. ठिपका मीच मारायचे."

पूजेनंतर दोघं गाडीपाशी रेंगाळत बसायचे, ते मला आठवत होतं. मी आत पुरणपोळीवर तूप घेत असायचे. बारा वर्षांत एकदाही बाहेर येऊन बघितलं नव्हतं.

"बाराच आहेत," बाई म्हणाल्या.

"नंतर हे नव्हते."

बाई सरळ उभ्या राहिल्या. "काकू, मी आज पास करू शकत नाही. नोंद नाही." आईनं मान हलवली. "पण ही काढायला मी सांगणार नाही. नोंदीसाठी अर्ज करा. डॉक्टरांचा दाखला लागेल, आणि मान्य वर्कशॉपनं ही तपासून तसं लिहून द्यावं लागेल. मग या." त्यांनी तो पेन्सिलीचा कागद आईला दिला.

हेलपाटे बरेच झाले. तोवर गाडी दारात उभी होती आणि आई गुरुवारी मैत्रिणीला फोन करून येत नाही म्हणून सांगायची. फोन ठेवला की मला म्हणायची, "तू नको सोडूस, मी माझी जाईन." वर्कशॉपच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं दांडी उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "ज्यानं केली त्यानं मनापासून केली." त्यावर आई पदर डोळ्याला लावून रडली आणि मीही. शेवटी आरसीवर नोंद झाली आणि गाडी पास झाली.

आठवड्यावर खंडेनवमी होती. बाबांचे पाने, पकडी, हातोडी पाटावर मांडली, झेंडू वाहिले. मग मी दांडी उघडली, पुसली, ग्रीस लावून परत बसवली. या वेळी चकत्या चुकल्या नाहीत. आईनं कॉलनीला एक फेरी मारली. परत आली तोवर मी पंच दांडीला टेकवून हातोडी उचललीच होती.

"थांब," आई म्हणाली. "कोणी बसवली?"

"मी."

"मग?"

मी पंच आणि हातोडी तिच्या हातात दिली. तिनं खाली वाकून बोटानं जुने ठिपके चाचपले, पंच बराच पुढे सरकवला आणि एकच घाव घातला. मधे मोकळी जागा राहिली.

"ही जागा का सोडलीस?"

"तीन वर्षं पासिंग झालंच नव्हतं गं," ती म्हणाली. "खोटं कशाला ठोकायचं?"

मग तिनं पंच माझ्याकडे दिला आणि बाबांसारखं विचारलं, "बघ, पास आहे का?"

मी वाकून, नीट बघून, हो म्हटलं.