मावशींची विणणारी देवी

प्लेनोतल्या आमच्या शेजारच्या मणिपुरी मावशींइतकं देवीच्या वतीने ठामपणे बोलणारं माणूस अख्ख्या टेक्सासमध्ये सापडणार नाही. त्यांची देवी विणायची आणि जादूही करायची, आणि मावशींच्या मते ही दोन वेगळी कामं नव्हतीच. सूत गुंतलं की देवी रागावलेली, सुटलं की प्रसन्न. मुलाची गाडी सुरू झाली नाही, तरी त्या बॅटरीआधी आपला हातमाग तपासत. नवऱ्याच्या नोकरीपायी बरीच वर्षं पुण्यात काढल्याने मराठी त्या भराभर बोलत. फक्त जगातली यच्चयावत माणसं आणि वस्तू त्यांनी नपुंसकलिंगी करून टाकली होती. "मुलगं ऑफिसला गेलं," असं त्या इतक्या खात्रीने सांगत, की आपल्यालाच आपल्या मराठीची शंका येई.

त्यांच्या मागाचं एक टोक मागच्या अंगणातल्या खांबाला आणि दुसरं पट्ट्याने त्यांच्या कमरेला बांधलेलं असे. त्या मागे रेलल्या की धागे ताठ होत. एकदा बसल्या की उठणं नाही. पार्सल घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी अंगणात बोलावून सूत गुंडाळायला बसवलं होतं, आणि तोही बसला.

मग माझी नोकरी गेली. व्हिसाची मुदत संपत आली होती आणि एकच व्हिडिओ इंटरव्ह्यू हातात होता. नेमकं त्याच सकाळी घरचं इंटरनेट बंद पडलं, म्हणून लॅपटॉप घेऊन मी मावशींकडे पळाले. त्यांचा खांब आदल्या दिवशीच्या वादळात आडवा झाला होता. त्यांनी मला टेबलाशी बसवलं आणि मागाचं मोकळं टोक सरळ माझ्या कमरेला बांधलं. मी नको नको म्हणत होते, तोवर दुसरं टोक आपल्या कमरेला लावून त्या टेबलापलीकडे विणायला बसल्याही. "तू बोल," त्या म्हणाल्या, "देवी ऐकतं." घाबरले की मी भरमसाट बोलते. त्या दिवशी बोलणं लांबलं की टेबलाखालून कमरेला हिसका बसे आणि मी गप्प होई. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना मी फार विचारी वाटले असणार.

नोकरी मिळाली, पण शिकागोत. निघताना मावशी ड्राइव्हवेत येऊन उभ्या राहिल्या. देवी तिकडेही सांभाळेल ना, असं मी चेष्टेत विचारलं. त्यांनी मात्र प्रश्न गंभीरपणे घेतला.

"सांभाळतं," त्या म्हणाल्या. "पण देवीने बर्फ कधी पाहिलं नाही. तू जाड कोट घे."

गाडीचं दार त्यांनीच लावलं, आणि मी काच खाली करेपर्यंत त्या पाठ फिरवून घराकडे चालूही लागल्या.