कमलाभाऊंची दुपार

आमच्या नवापूरच्या आळीत कमलाकांत तामोरे यांना सगळे कमलाभाऊ म्हणतात. बाप मासेमारी करणारा, पण भाऊंना होडीत बसलं की उलट्या व्हायच्या. म्हणून विसाव्या वर्षी त्यांनी बोईसरच्या एका कापड कारखान्यात नोकरी धरली आणि अडतीस वर्षं तिथे जॉबर म्हणून काढली. माग बंद पडला की तो दुरुस्त करून चालू करायचा, हे त्यांचं काम. शेडमध्ये दीडशे माग एकदम धडधडत असत, त्यामुळे बोलायचं ते हातवाऱ्यांनी. घरी आले तरी आवाज चढलेलाच. बायको नर्मदा म्हणायची, "वरडता कशाला? मी काय समुद्रात हाय?"

ते निवृत्त झाले आणि आठ महिन्यांत नर्मदा गेली. एकुलती मुलगी दिशा विरारला, तिच्या संसारात. तेरावं उरकून पाहुणे परतले त्या दुपारी भाऊंनी टीव्ही लावला. पुढचं दीड वर्ष तो झोपेपर्यंत चालूच असायचा. बातम्या, मालिका, जाहिराती, काहीही. ते बघत नसत. घरात कुणीतरी बोलतंय, एवढंच त्यांना पुरे होतं. गॅस पेटायचा नाही. नाक्यावरचा वडापाव आणि दिवसातून सात-आठ चहा. रक्तदाबाच्या गोळ्या कधी संपल्या, हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

एके सकाळी ते नळापाशी चक्कर येऊन पडले. शेजारच्या गोजराबाई बोंबील वाळत घालत होत्या. त्यांनीच रिक्षा बोलावून भाऊंना बोईसरला डॉक्टरांकडे नेलं. साखर वाढलेली, दाब वाढलेला. कान तपासून डॉक्टर म्हणाले, "मागांच्या आवाजाने जे गेलं ते परत येणार नाही. टीव्ही मोठ्याने लावून उरलेलं तरी घालवू नका. घरी जेवण कोण करतं?"

गोजराबाई म्हणाल्या, "कोन नाय करत."

दिशा धावत आली. आजच विरारला चला म्हणाली. भाऊ म्हणाले, "दोन महिने दे मला. नाय जमलं तर येतो."

टीव्ही बंद केल्यावर त्यांना कळलं की घर गप्प नाहीच. कानात किर्र असा आवाज सतत चालू होता, आणि त्याच्यामागे नर्मदा नाही हे धडधडीत जाणवत होतं. ते उठले आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन बसले, नुसती माणसं बोलताना ऐकायला. चार दिवस असंच केलं. पाचव्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, आज घराच्या ओट्यावर बसायचं, तिथून उठायचं नाही.

तासभर बसले असतील. मग ते रडायला लागले. आधी पाहुण्यांच्या गर्दीत आणि नंतर टीव्हीच्या आवाजात जे राहून गेलं होतं, ते रडणं. गोजराबाईंनी कुंपणापलीकडून पाहिलं आणि त्या मुद्दाम घरात निघून गेल्या. मला हे त्यांनीच सांगितलं.

रडून झाल्यावर भाऊंना भूक लागली, कित्येक महिन्यांनी लागते तशी. त्यांनी भात टाकला, तो तळाला करपला. दुसऱ्या दिवशी ते वाटी घेऊन गोजराबाईंच्या दारात उभे राहिले. "वैनी, पाणी किती घालायचं ते सांगा." साठीच्या माणसाला असं विचारताना लाज वाटली असेल, पण त्यांनी विचारलं. महिन्याभरात ते कालवणापर्यंत पोचले. गोळ्या वेळेवर घेऊ लागले. रोज दुपारी जेवून अर्धा तास ओट्यावर बसायचे, मग गुडघ्यांना तेल चोळायचे. मी एकदा थट्टा केली, तर हसून म्हणाले, "अडतीस वर्षं मागांना तेल घातलं. या सांध्यांकडं कोन बघनार?"

कानातली किर्र काही थांबली नाही. "ऱ्हाऊ दे तिला," ते म्हणायचे. "ती तिच्या जागी, मी माज्या जागी."

दोन महिन्यांनी दिशा आली ती बाबांची पिशवी भरायच्या तयारीने. भाऊंनी तिला पापलेटाचं कालवण आणि भात वाढला. जेवताना ती भराभर बोलत होती, डॉक्टर, औषधं, विरारची खोली. मग बोलणं संपलं. पूर्वी भाऊंनी अशा वेळी रिमोट उचलला असता. आता ते नुसते तिच्याजवळ बसून राहिले.

बऱ्याच वेळाने दिशा हळूच म्हणाली, "बाबा, मीच फार दमलेय हो." नोकरी, मुलं, सासऱ्यांचं आजारपण, आणि आई गेल्यावर एकदाही निवांत रडायला न मिळणं. तिने सगळं सांगितलं. भाऊंनी एकही सल्ला दिला नाही. तिच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.

दिशा एका दिवसासाठी आली होती, तीन दिवस राहिली. जाताना पिशवी रिकामीच होती. भाऊंनी तिच्या हातात डबा दिला आणि म्हणाले, "मी हितंच बरा हाय. महिन्यातून दोन दिवस तू ये. काय करायचं नाय. नुसतं जेवायचं आणि बसायचं."

ती दर महिन्याला येते.