सावनेरला गेलेला एक रुपया

माझे सासरे वीज खात्यात लाइनमन होते. पस्तीस वर्षं खांबांवर चढले, वादळात तुटलेल्या तारा जोडल्या, पण निवृत्तीनंतर मुलाने हातात दिलेल्या स्मार्टफोनला ते विंचवासारखे धरायचे. दोन बोटांनी, जरा लांब. आलेला फोन घ्यायचे, बोलून झालं की माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "बंद कर वं बेटा याले."

एका सकाळी ते भाजीला गेले आणि सांभार न घेता परत आले. तुमच्याकडे कोथिंबीर म्हणत असतील, नागपुरात आम्ही सांभारच म्हणतो. दहा रुपयांच्या जुडीसाठी त्यांनी दोनशेची नोट काढली होती. भाजीवाली म्हणाली, "बाबाजी, सुट्टे नाई. स्कॅन करा नं." मागे उभ्या असलेल्या बाईने त्यांच्या खांद्यावरून हात पुढे करून स्कॅन केलं आणि शेवटची जुडी घेऊन गेली.

"माह्या डोळ्यादेखत!" बाबा दारातच ओरडले. "आत्ताच्या आत्ता शिकव मले."

मिहानमधल्या माझ्या ऑफिसची गाडी यायला अजून वेळ होता. मी शिकवलं. खातं जोडलं, गुप्त आकडे लिहून दिले, ते पाठ करून कागद फाडायला लावला. पहिला व्यवहार म्हणून त्यांनी मला एक रुपया पाठवला. माझा फोन वाजला तसे ते सोफ्यावरून उठलेच. "पोचला? एवढ्यात? अजून तर मी बोट बी नाई उचललं!"

त्यानंतरचे चार दिवस आमच्या घरात नुसता धुमाकूळ होता. बाबा सकाळी निघायचे ते दिसेल तो चौकोन स्कॅन करत सुटायचे. पानठेल्यावर बडीशेप, टपरीवर चहा, मग समोरच्या टपरीवर आणखी एक चहा, कारण तिथला चौकोन निळा होता. ऑटोवाल्याला पैसे देता यावेत म्हणून पायी पाच मिनिटांच्या देवळात ऑटोने गेले. घरी केस विंचरायचे तीन कंगवे आले. बाबांना टक्कल आहे. सासूबाई म्हणाल्या, "या माणसाले कोणी आवरा वं," पण हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पाचव्या दिवशी मी त्यांना दाखवलं की पैशासोबत दोन शब्द लिहूनही पाठवता येतात. 'नमस्कार' असं लिहून एक रुपया पाठवला. त्यांनी तो शब्द दोनदा वाचला.

"म्हणजे पैशासंग चिठ्ठी जाते?"

"हो."

"आणि बोला लागत नाई?"

"नाही बाबा."

त्यांनी फोनमधली यादी वर सरकवली, खाली सरकवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'सावनेरवाला' असं लिहिलेलं होतं.

सावनेरवाला म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, माझे चुलतसासरे. सावनेरच्या बसस्टँडजवळ त्यांचं छोटं हॉटेल आहे, सांभारवडीसाठी लोक लांबून येतात. नऊ वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्याचं कारण माझं लग्न होतं. फेटे आमच्या, म्हणजे माझ्या माहेरच्या बाजूने होते. मोजणी माझ्या मावसभावाने केली होती आणि एक फेटा कमी आला. सगळ्या वऱ्हाडाच्या डोक्यावर गुलाबी फेटे, आणि नवरदेवाचा सख्खा काका उघड्या डोक्याने उभा. फोटोतही तसेच आहेत. जेवण न करता त्यांनी बस धरली. बाबांना वाटलं, एवढ्यावरून का रुसायचं. काकांना वाटलं, दादाने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मला कोणी एका शब्दाने कधी बोललं नाही. पण दर दिवाळीला सावनेरहून कोणी आलं नाही की मला तो अल्बम जाळून टाकावासा वाटायचा.

"बाबा, फोनच करा ना त्यांना," मी म्हणाले.

"मी त्याच्याशी बोलणार नाई," ते ठामपणे म्हणाले. "मी पैसे पाठवून राहिलो. ते वेगळं."

एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, 'तिकडे थंडी कशी हाय'. रक्कम, एक रुपया. पाठवलं. मग फोन टीव्हीवर ठेवला, तिथून उचलून देवघरात ठेवला, मग खिशात घालून येरझाऱ्या घालू लागले. मी ऑफिसची गाडी चुकवली. जाववतच नव्हतं.

वीस मिनिटांनी फोन वाजला. एक रुपया परत आला होता. सोबत लिहिलं होतं, 'कडक हाय. काहून?'

बाबांनी तो फोन सासूबाईंना दाखवला, मला दाखवला, कचरा न्यायला आलेल्या बाईलाही दाखवला.

पुढे तीन आठवडे तो रुपया नागपूर-सावनेर असा धावत राहिला. 'गुडघा कसा हाय.' 'दुखते.' 'तेल लाव.' 'लावलं.' 'वांगे महाग झाले.' 'इकडे बी.' एका चिठ्ठीसाठी एक रुपया, आणि उत्तर आल्याशिवाय दुसरी चिठ्ठी नाही, हा नियम त्यांनी न ठरवताच पाळला. मी ऑफिसातून आले की चपला काढायच्या आधी विचारायची, "आज काय आलं?" कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावरच्या सगळ्यांना आता काकांचा गुडघा पाठ होता.

तिकडे सावनेरला वेगळीच गंमत चालली होती. काकांचा घरचा आणि हॉटेलचा नंबर एकच. त्यामुळे बाबांनी रुपया पाठवला की गल्ल्यावरचा बोलका डबा भर गिऱ्हाइकांत खणखणीत आवाजात ओरडायचा, "एक रुपया प्राप्त झाला!" एका रुपयात तिथे मिरचीसुद्धा मिळत नाही. लोक इकडेतिकडे बघायचे. मग हळूहळू सगळ्यांना कळलं, आणि रोजचे चहावाले विचारू लागले, "काहो, आज दादाचा रुपया आला का नाई?" हे आम्हाला काकूंकडून समजलं. त्यांनी सासूबाईंना चोरून फोन केला होता, आणि दोघी जावा अर्धा तास नुसत्या खिदळत होत्या.

मग एक दिवस बाबा सकाळपासून गच्चीवर बसले. जेवायला खाली आले तेव्हा म्हणाले, "पाठवलं एक." काय लिहिलं ते सांगेनात. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाबा फोन बंद करून चालू करायचे, खिडकीत धरायचे.

"अजून एक पाठवा ना," मी म्हटलं.

"नाई. पाळी त्याची हाय."

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ती चिठ्ठी दाखवली. 'त्या दिवशी माह्या डोक्यावरचा फेटा मी तुले द्यायला पायजे होता.'

"रागावला असंन," बाबा म्हणाले. "जुनं काहून उकरलं मी? भैताडच हाय मी." थोडं थांबून ते म्हणाले, "सुट्टी मिळते का तुले आज?"

मिळाली नसती तरी घेतली असती. तासाभरात आम्ही दोघं सावनेरच्या बसमध्ये होतो. पूर्ण रस्ता बाबांनी फोन हातातच धरून ठेवला होता. हॉटेल दिसलं तसे ते रस्त्याच्या अलीकडेच, जांबाच्या, म्हणजे पेरूच्या ठेल्याआड थांबले. समोर काका कढईपाशी पाठमोरे उभे होते, हातात झारा. आत बाकं भरलेली.

"चला ना बाबा."

"थांब."

त्यांनी हळूच रस्ता ओलांडला, खांबावर चिकटवलेल्या चौकोनासमोर फोन धरला आणि बोट दाबलं.

"एक रुपया प्राप्त झाला!" डबा ओरडला.

आतून कोणीतरी हसत ओरडलं, "घ्या, आला दादाचा!" काका वळले. हातातल्या झाऱ्यातून तेल टपकत होतं. समोर तीन हातांवर बाबा उभे.

"चिठ्ठी कुठं हाय?" काकांनी विचारलं.

"घेऊन मीच आलो नं गा," बाबा म्हणाले. "तू उत्तर काहून नाई दिलं?"

"अरे दादा, फोन पडला तेलात! वड्या तळून राहिलो होतो, खिशातून सरकला तो सीधा कढईत. फोन बी गेला, तेल बी गेलं. तिसरा दिवस आज. डबा ओरडला तेव्हा रुपया आला एवढं समजलं. चिठ्ठी वाचाले कशावर? काय लिहिलं होतं?"

आता आली पंचाईत. जे बोलायला नको म्हणून बाबांनी लिहिलं होतं, ते आता वीस गिऱ्हाइकांसमोर बोलायचं होतं. बाबांनी कढईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, थंडीचं काहीतरी सांगून वेळ मारून नेतील.

"लिहिलं होतं," ते कढईकडेच बघत म्हणाले, "का त्या दिवशी माह्या डोक्यावरचा फेटा मी तुले द्यायला पायजे होता."

काकांनी झारा परातीत ठेवला. खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं, आणि मग म्हणाले, "तुह्या डोक्याचा मले ढिला झाला असता."

आधी बाबा हसले. मग काका. मग बाकांवरचे सगळे. काकू आतून पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि त्यांनी मलाच मिठी मारली. मी नऊ वर्षांचं हसून घेतलं, रडूनही घेतलं.

त्या दुपारी आम्ही किती सांभारवड्या खाल्ल्या ते मी सांगणार नाही. निघताना बाबांनी पैसे विचारले, काकांनी हात जोडले. बाबांनी काका आत जाताच खांब स्कॅन केला. डबा ओरडला, "पाचशे रुपये प्राप्त झाले!" काका बाहेर धावले. त्यांच्याकडे परत पाठवायला फोनच नव्हता, म्हणून त्यांनी गल्ल्यातून पाचशे काढून बाबांच्या खिशात कोंबले. बाबांनी पुन्हा पाठवले. डबा पुन्हा ओरडला. काकांनी पुन्हा कोंबले. शेवटी काकूंनी डब्यावर टॉवेल टाकला आणि दोघांना दरडावलं, "बस जाऊन राहिली तुमची!"

परतीच्या बसमध्ये बाबांनी कंडक्टरला सगळी गोष्ट सांगितली, मग आमच्या मागच्या सीटवर बसलेल्या दोन कॉलेजच्या पोरींना. घरी आल्यावर सासूबाईंना सांगितली. तोपर्यंत त्या गोष्टीत काका हमसून हमसून रडले होते आणि बाबांनी त्यांना धीर दिला होता.

"असं झालं का वं?" सासूबाईंनी मला विचारलं.

बाबा माझ्याकडे बघत होते.

"अगदी असंच झालं," मी म्हणाले, आणि काकूंनी बांधून दिलेल्या वड्या गरम करायला आत गेले.