शेजारी ठेवलेलं फळ

"काका, तुम्ही शेवटी उभे राहा," सर म्हणाले.

उभा राहिलो. माझ्या आधी गॅरेजात काम करणारा एक जण. त्याच्या आधी एका डॉक्टरांचा मुलगा, पांढराशुभ्र शर्ट घातलेला. अमरावतीतला संध्याकाळचा इंग्रजीचा क्लास. फळ्यावर विशेषणाच्या तीन पायऱ्या. आधी शॉर्ट, शॉर्टर, शॉर्टेस्ट. मी बुटका आहेच. खरं ते खरं. मग सरांनी दुसरा शब्द घेतला. डॉक्टरांच्या मुलाकडे बोट. "समजा, हा डर्टी." सगळे हसले, तोही हसला. गॅरेजवाल्याकडे बोट. "हा डर्टियर." माझ्याकडे बोटही केलं नाही. नुसता हात वर केला. वीस-बावीस पोरं एका सुरात ओरडली, "डर्टिएस्ट."

आणि मी हसलो. तेच अजून सलतं. बाजारात एका फळावरून समोरच्याची गचांडी धरणारा मी, तिथे दात दाखवत उभा होतो.

माझा संत्र्याचा धंदा. अब्बा हातगाडी लोटायचे. अंजनगाव सुर्जीकडच्या बागा घेण्यापर्यंत मी माझ्या जिभेच्या जोरावर आलो. घरात उर्दू, बाजारात वऱ्हाडी, नववीपर्यंत मराठी शाळा. पण बाहेरच्या राज्यातले मोठे व्यापारी फोनवर इंग्रजी बोलतात. मधला दलाल मला त्यातलं अर्धंच सांगतो. माझ्या मालाचं बोलणं माझ्यासमोर होतं आणि मी मुका. म्हणून क्लास लावला. बाजारातून थेट जायचो. शर्टाला सालीचं तेल, कॅरेटातलं तणस.

घरी काही सांगितलं नाही. बायको म्हणाली असती, या वयात कशाला गेलात? जेवण गेलं नाही. सकाळी इस्त्रीचा शर्ट स्कूटरच्या डिक्कीत ठेवला. क्लासच्या आधी बदलू म्हटलं.

दुपारी अकोल्याच्या जुन्या शहरातलं एक गिऱ्हाईक आलं. ढीग पाहिला. पिशवीतून स्वतःचं एक मोठं, निवडक फळ काढलं आणि माझ्या ढिगावर ठेवलं. म्हणाला, "तुमचा माल बारीक आहे, भाईजान."

हा जुना डाव. असं एक फळ शेजारी आलं की चांगला ढीगही बारीक दिसतो. अब्बांनी शिकवलं होतं, अशा वेळी भाव बोलायचा नाही. आधी ते फळ उचलून त्याच्या हातात परत द्यायचं. मग बोलायचं.

मी ते उचललं. आणि हात तिथेच थांबला. काल क्लासात हेच झालं होतं. पांढरा शर्ट सरांनी निवडून आणून माझ्या शेजारी ठेवला होता. मी तो उचलला नव्हता.

संध्याकाळी डिक्की उघडली. शर्ट पाहिला. डिक्की बंद केली.

सरांनी उजळणी काढली. कालचे तिघे पुढे बोलावले. मी गेलो. डॉक्टरांच्या मुलाचा दंड हलकेच धरला, त्याला बाकापर्यंत नेलं, बसवलं. परत येऊन जागेवर उभा राहिलो.

"आता बोला, सर."

"काका, उदाहरण होतं ते. एवढं मनावर काय घेता?"

"मी उदाहरण नाई, सर. फी भरून बसलेला विद्यार्थी आहो. माह्या बाजूले कोणाले उभं करायचं, ते मले इचारून करा."

कोणी हसलं नाही. कोणी माझ्या बाजूनं बोललंही नाही. मला वाटलं होतं, गॅरेजवाला तरी बोलेल. तो मोबाइल पाहत राहिला. सर पुसलेला फळा पुन्हा पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर मी एकटाच. शेजारी बसणारा मागे गेला होता.

अजूनही एकटाच बसतो. सर मला प्रश्न विचारत नाहीत. मी विचारतो, रोज एक, त्यांना उत्तर द्यावंच लागतं. चहाच्या सुट्टीत पोरं घोळक्यानं खाली जातात, मी फळ्यावरचं वहीत उतरवत बसतो. असं बसणं सोपं नाही. बाजारात भांडायलाही समोर माणूस असतो.

पण क्लास सोडणार नाही. हे इंग्रजी मी याच सरांकडून शिकणार, याच बाकावर, बाजारातल्या याच शर्टात. दलालाच्या हातातला फोन मी घेणार आणि माझ्या मालाचं मीच बोलणार.

इस्त्रीचा शर्ट अजून डिक्कीत आहे. तो ईदला घालीन.