अकरा सदरे आणि एक दात

जिवंत माणसाकडे माझ्या बायकोच्या मामांइतकं दुर्लक्ष करणारा माणूस मी लखनऊतल्या एकोणीस वर्षांत पाहिलेला नाही. हाडांचे डॉक्टर म्हणावेत, तर त्यांनी कुणाचा मोडका पाय कधी बांधला नाही. बेवारस सापळा कुणाचा असावा, हे ते नोकरीत सांगत आणि निवृत्तीनंतर महानगर मोहल्ल्यातल्या आमच्या घरी बसून सांगत. माझ्या पुतणीला पाहायला आलेल्या मुलाला त्यांनी "जरा हसा" म्हटलं, वाकून पाहिलं आणि पोह्यांची बशी पुढे करत म्हणाले, "सत्तावीस सांगता ना? झीज तेहतिसाची आहे."

"मामा, आधी त्यांना खाऊ तरी द्या," बायको म्हणाली.

दाखल्यात बत्तीस निघाले. एका वर्षाची चूक मामांना महिनाभर सलत होती. स्थळ मोडल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं.

शहाण्णवच्या हिवाळ्यात त्यांना पोलिसांच्या मालखान्यातलं, म्हणजे पुराव्यांच्या कोठीतलं, एक खोकं पाहायला बोलावलं. तीस वर्षांपूर्वी कोरड्या विहिरीत सापडलेला पुरुषाचा सापळा; कागदावर नुसतं 'अज्ञात मजूर'. मामांना वरच्या डाव्या दाताला बारीक खाच दिसली. "मजूर कसला, शिंपी आहे. जन्मभर दातांनी दोरा तोडलाय."

आता कुठलाही शिंपी गिऱ्हाइकाला तोंड उघडून दाखवत नाही. म्हणून मामा सदरा शिवायला टाकत, माप देताना विनोद सांगत आणि शिंपी हसला की मान वाकडी करून बघत. असे दहा शिंपी झाले. ज्याला खाच होती, त्याला ती उजवीकडे. सदरे मी स्वतः टेपने मोजले. मामा माप देताना स्थिर उभेच राहत नसल्यामुळे एकाची बाही दुसऱ्याशी जुळत नव्हती.

अकरावा चौकातला म्हातारा. त्याने टेप खाली ठेवली. "भाईसाहब, कुर्ता सिलवाना है या दाँत गिनने हैं?"

"दाँत," मामा म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

म्हातारा हसला नाही. "बाएँ से तो बस हमारे उस्ताद काटते थे. एक शाम दुकान बढ़ाकर निकले, घर नहीं पहुँचे."

उस्तादांची बायको सत्तरीची होती. तो दुसरी बाई करून मुंबईला पळाला, असं मोहल्ल्याने तिला तीस वर्षं ऐकवलं होतं. एका दातावर माणूस ठरत नाही, म्हणून मामांनी विहिरीतल्या सापळ्याचं तेवढं सांगितलं, दाताचं नावच काढलं नाही. कधी हाड मोडलं होतं का, एवढंच विचारलं.

"लड़कपन में पेड़ से गिरे थे. बायाँ हाथ टेढ़ा जुड़ा था."

मामांनी वही उघडलीच नाही; सापळ्याचा डावा हात तसाच वाकडा जुळलेला होता, ते त्यांना पाठ होतं. "वही हैं, अम्मा."

ती म्हणाली, "मतलब भागे नहीं थे."

"नहीं. वह कुआँ दुकान से घर के रास्ते में ही पड़ता था."

अस्थी न्यायला तिला मी स्कूटरऐवजी रिक्षाने पोलीस ठाण्यावर नेलं; मामा बरोबर होतेच. शिपायाने गाठोडं आणून ठेवलं. मांजरपाटावर कसेबसे टाके घातलेले. तिने ते बोटांनी चाचपले.

"यह किसने सिला है? वो देखते तो दुकान से निकाल देते."

तिने टाके उसवले आणि सुई मागितली. तिला दिसेना म्हणून मामांनी दोरा ओवला. पाचव्या खेपेला जमला. दारोगा सहीचा कागद हातात धरून उभा राहिला, कुणी घाई केली नाही. सगळी शिवण पुन्हा बारीक घालून झाल्यावर तिने गाठोड्यावरून एकदा हात फिरवला.

"अब चलिए," ती नवऱ्याला म्हणाली. "बहुत देर कर दी."