एक स्टेशन पुढे

नागपूरला शिकायला गेलेली पोरं आमच्या गोंदिया जिल्ह्यात घरोघरी सापडतील, पण नागपूरपासून लांब लांब सरकत नागपूरला शिकलेला माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच, आणि माझं नशीब असं थोर की तो माझाच रूममेट निघाला. मी आमगावचा, तो मुर्रीचा. कॉलेजात आमच्या नावांच्या भानगडीत कुणी पडलंच नाही. मला सारे 'आमगाव' म्हणत आणि त्याला 'मुर्री'. मुर्री म्हणजे गोंदियाला खेटून असलेलं गाव, घरून सायकल हाणली की स्टेशन आलंच. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढे याच गोष्टीने माझा घात केला.

या माणसाला बसणं ठाऊक नव्हतं. जेवायला बसला तरी एक गुडघा उभा, जणू मधेच कुणी हाक मारली तर ताटासकट निघता यावं. अभ्यास करायचा तो फेऱ्या मारत. मी वैतागून म्हणायचो, "गाडी सुटून राहिली का बे तुझी?" तर म्हणायचा, "सुटली नाही अजून, पण सुटन ना कधीतरी!" आमची पहिली रूम ऐन शहराच्या मधोमध, बर्डीजवळ होती. खिडकीतून रस्ता दिसे, कॉलेज पायी अंतरावर, खाली चहाची टपरी. मी तर तिथे म्हातारा व्हायला तयार होतो. याने बोचकं सोडलंच नाही. कपडे बोचक्यातून काढायचा, धुऊन पुन्हा बोचक्यात. मी शर्ट अडकवायला भिंतीत खिळा ठोकू लागलो तर याने हातोडी धरली. "कायले ठोकतं? पुन्हा काढाच लागन." आणि पंधरवड्याच्या आत इतवारीत दोनशे रुपये कमी भाड्याची खोली शोधून आला.

आता हा नुसता चिक्कूपणा असता तर मी त्याला पहिल्याच महिन्यात हाकलला असता. पण एकदा त्याची बहीण फोनवर रडत होती ते मी ऐकलं. बारावीत होती, डोक्याने याच्यापेक्षा कितीतरी पुढे, आणि तिला नागपुरात कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग करायचं होतं. बाबूजींनी साफ सांगून टाकलं होतं, "फीचं पाहून घेऊ, पण शहरातल्या राहण्याखाण्याचा खर्च मले एकाचाच झेपते. हा शिकून आला की मग पाहू." हा शिकून येईपर्यंत पोरीला पाहुणे पाहून जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. फोन ठेवून हा दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "आमगाव, एकाच्या खर्चात दोघं बसले पाहिजेत गा. येत्या जूनपर्यंत." मी अर्धवट ठोकलेला खिळा काढला आणि सामान बांधायला लागलो.

मग सुरू झाली आमची यात्रा. इतवारीहून कळमना, कळमन्याहून कामठी. सामान हलवायला टेम्पो करणं म्हणजे त्याच्या लेखी पाप. सारा संसार सायकलीवरून हप्त्याहप्त्याने जायचा. एकदा माझी अर्धी पुस्तकं नव्या खोलीत, अर्धी जुन्या खोलीत आणि परीक्षा मधल्या दिवशी, असाही प्रसंग आला. तांदूळ, लाखोळीची डाळ, तिखट, झालंच तर झाडूसुद्धा घरून यायचा. महिनाअखेरीला तांदूळ संपला की हा 'पोटभर थाळी'ची पाटी शोधत निघायचा. अशाच एका मेसमध्ये त्याने पोळीला हात न लावता भात मागवायला सुरुवात केली. वाढणारा थकला, पातेलं आलं, पातेलंही खरवडून झालं. शेवटी मालक बाहेर येऊन हात जोडून उभा राहिला. "भाऊ, तुम्ही गोंदियाकडचे का?" "हो, काऊन?" "काही नाही, भातावरून वळखलं." दुसऱ्या दिवशी पाटीवर 'पोटभर'च्या पुढे 'भात एक वाटी' असं खडूने लिहिलेलं होतं.

मे महिन्यात नागपूर तव्यासारखं तापतं. घरमालक कूलरचं बिल वेगळं घ्यायचा, म्हणून याने कूलर लावूच दिला नाही. दुपारी हा पुस्तक घेऊन जवळच्या एका बँकेत जायचा, कारण तिथे एसी. टोकन घ्यायचं आणि वाचत उभं राहायचं. नंबर आला की मागच्या म्हाताऱ्याला म्हणायचं, "बाबाजी, तुम्ही घ्या माझा नंबर, मी थांबतो," आणि स्वतः नवं टोकन घ्यायचं. सारे पेन्शनवाले त्याच्यावर खूश. एक दिवस काउंटरवरच्या मॅडमनी बोलावलंच. "बेटा, आपका खाता कौनसा है?" हा जराही न डगमगता म्हणाला, "अभी नहीं है मॅडम, पैसा बचा रहा हूँ, फिर खोलूंगा." मॅडम इतक्या हसल्या की त्यांनी त्याला नेऊन थेट एसीसमोरच्या खुर्चीवर बसवलं. तिथूनही तो लगेच उठला म्हणे.

कामठीहून आम्ही कन्हानला आलो तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. कॉलेजला जायला रोज गाडी धरावी लागायची, आणि रूम म्हणजे पत्र्याखालची भट्टी. बोचकं आपटून मी ओरडलो, "अबे, गोंदियाच्या लाईनीवर दर वेळी एक स्टेशन पुढे! असाच सरकत राहिला तर मुर्रीच येते ना तुझी! मंग घरूनच कायले नाही जात?" मी बोललो रागाने. तो मात्र चालता चालता थांबला. इतक्या दिवसांत मी त्याला पहिल्यांदा फेऱ्या मारताना थांबलेला पाहिला. "आमगाव," तो हळूच म्हणाला, "गाडीचे दोन पास एका रूमपेक्षा स्वस्त पडतात बे." शनिवारी घरी गेला तो सोमवारी परत आला नाही. मंगळवारी आला तो नुसता बोचकं न्यायला. गोंदियाहून रोज अपडाऊन करायचं, जेवण घरचं, झोपायला घरचं अंगण. बाबूजी म्हणाले होते, "भाऊ संगं असन तर जाय बाई." आणि मी? मला बर्डीहून उचलून कन्हानच्या भट्टीत आणून टाकलं आणि स्वतः पसार! पूर्ण भाडं एकट्याच्या बोडक्यावर! चार दिवस मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

जूननंतर एका सकाळी मी कन्हानच्या फलाटावर उभा होतो. गाडी आली, आणि दारातून एक जेवणाचा डबा माझ्या पुढ्यात आला. "मायनं तुझ्यासाठी लाखोळीचे वडे देल्ले." आत खिडकीशी त्याची बहीण बसली होती, मांडीवर नवी कोरी बॅग, आणि डोळे असे की नागपूर नव्हे, दिल्लीच येतेय. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. हा मात्र दारात, दांडीला धरून उभा. मी म्हटलं, "आता तरी बस की बे." म्हणाला, "बसलो का झोप लागते. मंग तिचं स्टेशन निघून जाईन." भल्या पहाटे सायकलवर दोघं निघायची आणि दिवेलागणीनंतर घर गाठायची. बहिणीची डिग्री होईस्तोवर ही ये-जा चालली. स्वतःचं कॉलेज संपल्यावरही त्याने नोकरी धरली ती नागपुरातच, बहिणीची गाडी सुटू नये म्हणून. तो दरवाजा आणि ती दांडी त्याने सोडली नाही.

आता मी गोंदियातच नोकरीला आहे आणि तोही गोंदियालाच औषधाच्या दुकानात असतो, म्हणजे असतो तेव्हा उभा असतो. बहीण नागपुरात एका कंपनीत लागली. परवा रविवारी तिने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. पत्ता पाहून मी उडालोच. बर्डी, आमच्या पहिल्या खोलीच्या दोन गल्ल्या पलीकडे. हा दारातूनच भिंती, पंखा, नळ तपासायला लागला. "कितीले घेतली?" तिने आकडा सांगितला. याचा चेहरा पडला. "इतवारीत याच्यापेक्षा..." तिने त्याला पुढे बोलू दिलं नाही. खांद्यावरची त्याची पिशवी काढली आणि भिंतीतल्या खिळ्याला टांगली. "दादा, मी इथून कुठंच सरकत नाही आता. तू बस."

तो बसला. दोन्ही गुडघे खाली करून बसला. भात झाला, वरण झालं, ती ताटं घ्यायला वळली तोवर त्याची मान भिंतीला टेकली होती आणि तोंड लहान पोरासारखं उघडं पडलं होतं. पाच खोल्या त्याच्यासोबत काढून मी त्याला असा निवांत झोपलेला कधीच पाहिला नव्हता. परतीच्या गाडीची वेळ होत आली. मी बहिणीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. गाडी गेली. आम्ही त्याला उठवलं नाही.