शुक्रावर ढकललेलं लग्न

माझं लग्न वर्षभर ग्रहांनी अडवून धरलं होतं, असं मी सासरी अजून सांगते. ऐकणारी बाई हळहळते, "पत्रिकेत काही होतं का?" म्हणून विचारते. पत्रिकेत काही नव्हतं. जे काही होतं ते आमच्या आबांच्या डोक्यात होतं, आणि त्या डोक्यात कुठला ग्रह कधी शिरेल हे कुठल्याच गुरुजींना सांगता आलं नसतं.

आबा म्हणजे माझे वडील. कोऱ्हाळे बुद्रुकला आमचा चार एकर ऊस आहे. आई चार वर्षांपूर्वी गेली, मला भाऊ नाही, बहीण नाही, त्यामुळे घरात आबा आणि मी दोघंच. आबा भाकरी थापायचे, मी कालवण करायचे आणि दोघं एकमेकांच्या हाताला नावं ठेवत जेवायचो. मी बारामती एमआयडीसीत एका डेअरीच्या लॅबमध्ये आहे. टँकर आला की नमुना काढायचा, फॅट बघायची आणि पाणी घातलं असेल तर तोंडावर सांगायचं. बारा वर्षांत मला कुणी दुधातून फसवलेलं नाही. घरात मात्र वर्षभर फसवलं, ते पुढे येईलच.

बत्तिसाव्या वर्षी मी अधिकृत घोडनवरी झाले होते. छंद म्हणाल तर एक दुर्बीण. भिगवणला पक्षी बघायला येणाऱ्या एका पाहुण्याने जुनी म्हणून विकली, ती मी आकाशाला लावली. आणि ते वर्ष असं की वर रोज काहीतरी चाललेलं. जानेवारीत तर संध्याकाळी सगळे ग्रह एकदम हजर. पश्चिमेला शुक्र आणि शनी, डोक्यावर गुरू, पूर्वेला तांबडा मंगळ. त्याच आठवड्यात मला बघायला इंदापूरहून पाहुणे आले.

पाहुणे चारला येणार होते. ऊसतोडीचा हंगाम, रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्यांच्या मागे दोन-दोन ट्रेलर, त्यामुळे आले ते अंधार पडल्यावर. मुलगा लोणी देवकरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. आता मी त्याला चारचौघांत 'अहो' म्हणते, पण त्या वर्षी तो नुसता 'तो' होता, म्हणून इथेही 'तो'च राहू दे. त्याच्या आईने पोह्यांची बशी घेता घेता आबांना हळूच विचारलं, "पोरीला मंगळ न्हाय ना?"

"हाय की," मी म्हणाले. "या, दावते."

आणि त्या माउलीला अंगणात नेऊन कडुलिंबाच्या वरचा मंगळ दाखवला. आबांनी कपाळाला हात लावला. मग मी दुर्बीण खांबाला टेकवून त्यांना गुरू दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि ओरडल्या, "आरं, ह्येच्या बाजूला बारकं ठिपकं हायेत की!" ते गुरूचे चंद्र होते. निघताना त्या मुलाला म्हणाल्या, हीच पाहिजे. मुलाला कुणी विचारलं नाही, पण तो हसत होता, तेव्हा ते धरून चाला.

मार्चमध्ये बोलणी ठरणार तोच आबांनी जाहीर केलं, "शुक्राचा अस्त हाय. आत्ता शुभ बोलायचं न्हाय."

मी कालवणाची पळी हातात घेऊन बघत राहिले. आमच्या आबांनी उभ्या आयुष्यात पंचांगाला हात लावला तो खिळ्यावरून पडलं म्हणून उचलून ठेवायला. अमावस्येला विहीर खोदायला घेतलेला माणूस. पण शुक्र तेव्हा खरंच सूर्याच्या उजेडात बुडाला होता, संध्याकाळी शोधला तरी सापडत नव्हता. गुरू किंवा शुक्र दिसत नसला की आपल्याकडे लग्न लावत नाहीत, हे मलाही माहीत होतं. म्हटलं, वय झालं की माणूस देवाधर्माकडे वळतो. चांगलंच आहे.

शुक्र आठवड्याभरात पलीकडून निघाला. आबांना मात्र बोलणी करायला मे उजाडला. साखरपुडा झाला, त्याच्या आईने माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि दारात जाऊन म्हणाल्या, "आता जूनमधी उरकून टाकू."

"जूनमधी गुरू अस्ताला चाललाय," आबा म्हणाले.

गुरूही खरोखर चालला होता. त्यानंतर आषाढी, मग चातुर्मास. देव झोपले, आता तुळशीचं लग्न लागेपर्यंत माणसांची लग्नं बंद. मी हिशेब मांडला आणि मुकाट्याने हिरव्या बांगड्या काढून डब्यात ठेवल्या, लॅबमध्ये हातात काच चालत नाही.

आकाशाने माझी किती थट्टा करावी? ऑगस्टमध्ये एका पहाटे गुरू आणि शुक्र शेजारी शेजारी उगवले, मधे दोन बोटांचं अंतर. ज्या दोघांच्या नावावर माझं लग्न खोळंबलं होतं ते दोघे गळ्यात गळा घालून उसावर उभे, पण देव झोपलेले! मी त्याला फोन करून उठवलं. तो इंदापुरात गच्चीवर गेला आणि जांभई देत म्हणाला, "ह्यांचं एकदाचं जमलं वाटतं. आपलं कधी?" मला हसू आलं आणि रागही आला.

गणपती बसून उठले, आणि लगेच चंद्रग्रहण. आबांनी संध्याकाळपासून चूल बंद ठेवली. हे तेच आबा, ज्यांनी मागे एका ग्रहणात कोंबडी शिजवून खाल्ली होती आणि वर आईलाच म्हणाले होते, चंद्राला लागलंय, मला कुठं लागलंय. दहाच्या सुमारास मी स्लॅबवर गेले. ढग होते. थोडी फट पडली तेव्हा चंद्राची एक कड काळवंडलेली दिसली. मागून आबा आले. गुडघे दुखतात म्हणून ते कधी जिना चढत नाहीत.

"इंदापुरात बी आसंच दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

"आसंच. चंद्र एकच हाय, आबा."

"व्हय म्हना," ते म्हणाले, आणि कठड्याला धरून उभे राहिले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला वाटलं, बघा, आता खगोलशास्त्रही आवडायला लागलं.

दिवाळीनंतर पश्चिमेला धूमकेतू आला होता. तो बघायला इंदापूरचा तो आणि मी सुट्टीच्या दिवशी भिगवणला गेलो. घरी सांगून गेलो होतो, उगाच गैरसमज नको. सूर्य बुडाल्यावर उजनीच्या पाण्याकाठी उभं राहून मी दुर्बिणीतून शोधला आणि त्याच्या हातात दिली.

"ह्यो? पुसायचा राहिलेला डाग वाटतोय."

"डाग न्हाय, धूमकेतू हाय."

त्याने दुर्बीण खाली घेतली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाला, "आई म्हणते, त्यांना मुलगी द्यायची नसली तर तसं सांगावं. गुरू झाला, शुक्र झाला, देव झोपून उठायला आले. महिन्याभरात तारीख कळली नाही तर ती सोयरीक मोडली असं समजणार आहे. मी तिला किती दिवस थोपवू?"

मी म्हणाले, तुळशीचं लग्न होऊ दे, लगेच तारीख घेते. घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. तुळशीचं लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी आबा गुरुजींकडे जाऊन आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "शुक्राचा अस्त झालाय. आता थेट फेब्रुवारी."

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी पहिल्या पाळीला निघाले. गाडी फाटकाबाहेर काढली आणि समोर पूर्वेला, उसाच्या वर, शुक्र. अस्त झालेला शुक्र डोळे दिपवत उभा. दुर्बीणही लागली नाही. मी हेल्मेट काढून बघितलं, पुन्हा घातलं आणि कामाला गेले.

संध्याकाळी आबांना विचारायचं ठरवलं. आबांनी वांग्याचं भरीत केलं होतं. उद्या विचारू म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे शुक्र पुन्हा तिथेच, जरासा खाली. मी थांबून बघितलं आणि गेले. तिकडून त्याचे फोन येत होते, मी म्हणत होते, गुरुजी बघतायत. असे पंधरा दिवस. तोंडावर पाणी सांगणारी मी, घरात गप्प.

सोळाव्या दिवशी त्याचा फोन आला, "आई उद्या संध्याकाळी तुमच्या मामांना निरोप देणार, सोयरीक त्यांनीच आणलेली ना. मोडलं म्हणून." तेव्हा कुठे मी कामावरून येताना गुरुजींच्या दारात गाडी लावली.

गुरुजी ओटीवर होते. म्हणाले, "अस्त? अहो, अजून तीनेक आठवडे आहेत अस्ताला. तुळशीचं लग्न झालं तेव्हाच मी तुमच्या वडिलांना तीन मुहूर्त लिहून दिलेत. जूनच्या पहिल्या आठवड्यातलेही दोन दिले होते. मला वाटलं, तिकडच्यांना सोयीचे नाहीत."

रात्रभर मी कूस बदलत राहिले. पहाटे बाहेर आले तर आबा उसाला पाणी देऊन परत येत होते. पायजमा गुडघ्यापर्यंत, खांद्यावर खोरं. मी त्यांना फाटकाशी उभं केलं आणि बोट दाखवलं.

"आबा, त्ये काय हाय?"

त्यांनी डोळे बारीक केले. "कुनीतरी पान्याची दारं धराया आलं आसंल. बॅटरी हाय."

"उसाच्या वर चार हात हुबा ऱ्हाऊन दारं धरतंय का?"

"मग टावरचा दिवा आसंल."

"आबा, मी काल गुरुजींकडं गेले हुते."

आबांनी खोरं खाली ठेवलं आणि दगडावर बसले. पायाचा चिखल काडीने काढला. मग म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. त्येची आई बी चांगली हाय. न्हाय म्हनाया कारन सापडंना. आन् तुला जाऊ नगं म्हनायची माझी छाती न्हवती. मग ढकललं गुरूवर, ढकललं शुक्रावर. त्यांचं काय जातंय?"

मी भडकले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. "आज सांजच्याला मोडणार हुतं माझं लगीन," एवढं आठवतं. "त्या बाईनं वरीसभर वाट बघितली. मी लोकांच्या दुधातलं पानी काढते आन् घरात तुमी मला हे पाजताय?"

"व्हय," आबा म्हणाले. "चुकलंच." मग मान वर करून विचारलं, "तुला कधी कळलं, ह्यो दिसतोय म्हणून?"

"आज."

"आज न्हाय. पंधरा दिस झालं. तू हितं गाडी थांबवतीस, टोपडं काढतीस, त्येच्याकडं बघतीस आन् जातीस. मी तितं पान्यात हुबा असतोय. रोज वाटायचं, आज घरी आली की इचारणार. म्हणून रोज तुझ्या आवडीचं कायतरी करून ठेवायचो."

"मग तुमीच का न्हाय बोलला?"

"तू का न्हाय बोललीस?"

मला उत्तर येत होतं. मला त्याच्याकडे जायचं होतं, फार जायचं होतं, आणि या घरातून निघायचं नव्हतं. आबा खोटं बोलत होते, त्या खोट्याच्या सावलीत मलाही बरं वाटत होतं. वर्षभर मी आकाशाकडे बघत होते ते कुठला ग्रह मला अजून थोडा वेळ देतो हे बघायला. हे मी आबांना सांगितलं, उभ्या उभ्या, रडत. आबाही रडले. शेजारची म्हैस हंबरली तेव्हा दोघांनी डोळे पुसले.

आबांनी बंडीच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. गुरुजींनी लिहिलेले तीन मुहूर्त. पहिला अकरा दिवसांवर, दुसरा त्यानंतर चार दिवसांनी, तिसरा त्याच्याही पुढे, शुक्र बुडायच्या अगदी तोंडावर. त्यांनी चष्मा लावला, माझ्याच फोनवरून इंदापूरला लावायला सांगितला आणि त्याच्या आईला म्हणाले, "ताई, आमचंच चुकलं. आता तुमी म्हनाल त्ये. पर माझं ऐकाल तर पहिलाच धरा. अकरा दिसांत सगळं करतो मी."

तिसरा म्हणा, आबा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी तोंड उघडलं, तोवर पलीकडून त्या बाई "बरं" म्हणून गेल्या होत्या.